पिंपळदऱ्याचा निरोप

ऊन तापायच्या आत पुणं सोडायचं, असं अण्णा दामल्यांनी बजावून ठेवलं होतं. पण जीपच्या मागच्या फळीला दोरी बांधण्यात ड्रायव्हर हनीफभाईंचा वेळ गेला आणि आम्ही निघालो तेव्हा शिरूरच्या रस्त्यावर ऊन आमच्याही आधी पोचलेलं होतं. त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी महिना. पुण्याच्या एका मदत समितीनं आम्हा दोघांना नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी कामांवर पाठवलं होतं. लोकांना खायला काय मिळतं, ते राहतात कसे, आणि समितीनं काय पाठवावं, एवढं बघून यायचं होतं.

आमची निवड का झाली ते सांगते. मी साताऱ्याला मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाटणच्या बाजूला एका सामुदायिक स्वयंपाकघराचं काम मी पाहिलं होतं. अण्णा म्हणजे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. भूकंपानंतर पडकी घरं पाहत आणि पत्र्याच्या शेडी उभ्या करत ते त्याच खोऱ्यात हिंडत होते. तेव्हाची आमची ओळख. ‘यांना आपत्तीचा अनुभव आहे’ असं समितीत कुणीतरी म्हणालं असणार.

“अनुभव!” अण्णा गाडीत म्हणाले. “सुमतीबाई, माझ्या शेडींमध्ये लोकांनी शेवटी कडबा भरला. उघड्या माळावर बांधल्या होत्या मी, शेतापासून दोन कोसांवर. राहायला कोण जाणार? कुणाला विचारलंच नव्हतं आम्ही.” हे ते हसत बोलले.

सुप्याला चहा घेतला. पाणी मागितलं तर हॉटेलवाल्यानं पितळी फुलपात्र अर्धं भरून दिलं आणि संकोचून म्हणाला, “बाई, राग मानू नका, पन एवडंच देतो आमी सगळ्यांला.” रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं नांगरून ठेवलेली होती, आणि तशीच पडून होती. पेरलंच नव्हतं कुणी. नगर मागे टाकलं तशी झाडंही विरळ झाली. करंजीच्या घाटात जीपनं वाफा सोडायला सुरुवात केली. हनीफभाईंनी बॉनेट उघडलं, जरा निवू दिलं, आणि आमच्या दोन्ही पाण्याच्या पिशव्यांकडे पाहिलं. “गाडी पियेगी या आप?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एक पिशवी रेडिएटरमध्ये रिकामी केली. हनीफभाई मूळचे नगरचे, आणि नगरची माणसं अशी दोन भाषांत बोलतात; ‘आता बसा’ हे त्यांनी मराठीतच सांगितलं.

पाथर्डीच्या अलीकडे एका खोलगट जागी पाझर तलावाचं काम चाललं होतं. वरून बघताना आधी नुसती धूळ दिसली. मग धुळीत हलणारी माणसं, आणि बायकांच्या डोक्यावरची घमेली. बांधाच्या पलीकडे, उतारावर, चार काटक्या रोवून वर लुगडी ताणलेली. त्या लुगड्यांच्या सावलीत लेकरं निजलेली. राहण्याची सोय म्हणायची तर तेवढीच.

मुकादमानं आमच्यासाठी खाट मागवली. मी बायकांतच जाऊन बसले. दुपारची सुटी झाली होती. एका बाईनं ॲल्युमिनियमच्या ताटलीत शिजवलेले तांबूस दाणे घेतले होते आणि कडेवरच्या मुलीला एकेक दाणा चेपून भरवत होती. तिशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर गोंदण. तिचं नाव कौसाबाई.

“काय आहे हे?” मी विचारलं.

“मिलो,” ती म्हणाली. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशातली लाल ज्वारी. “घुगऱ्या करतो आमी. भाकर व्हत न्हाई.”

“का? चिकटपणा नाही म्हणून?”

“न्हाई वो. दळायचं कुठं?” ती हसली. “चक्की हाय तिसगावला. पन तिच्या इंजनाला थंड ऱ्हायला पानी लागतं म्हनं. मानसाला न्हाई, तर इंजनाला कोन देतंय? मालकानं कुलूप लावलं.”

“आणि जातं?”

“जाती घरला ऱ्हायली. डोस्क्यावर दगड घिऊन कोन येतं?”

ती सारी पिंपळदऱ्याची माणसं होती. गाव तिथून सात-आठ मैल. विहिरी आटल्या तसं गावच्या गाव कामावर आलं होतं. मोठी माणसं दाणे चावून खात होती, पण लेकरांची पोटं बिघडली होती. आठवड्यातून दोनदा सुखडी (पीठ आणि गुळाची वडी) वाटली जायची, तेवढा दिवस पोरं हसायची. पुण्यात समितीच्या बैठकीत आम्ही धान्याची किती पोती पाठवावीत यावर बोललो होतो. इथे धान्य होतं. ते दळायला दगड नव्हता.

अण्णा तोवर बांध पाहून आले होते. आले आणि खाली मातीतच बसले. त्यांनी कौसाबाईला विचारलं, “बाई, इथं बांबू-तट्ट्यांच्या झोपड्या बांधून दिल्या, तर राहाल का तुम्ही?”

तिनं मान हलवली. “आमाला घर हाय की. चार खनाचं. धाब्याचं घर हाय आमचं, सागाच्या तुळया हायेत. सासऱ्यानं बांधलं.” बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. “खोपटात ऱ्हायलं की मानूस गावचा ऱ्हात न्हाई, बाबा. पाऊस पडला की आमी परत जानार.”

“मग काय पाहिजे?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी पुढे सरकून माझ्या कानाशी म्हणाली, “आंगुळीला आडोसा.” आणि कौसाबाई म्हणाली, “लेकरांवर सावली. आन् आमची जाती आनून द्या. गाडी हाय न्हवं तुमची?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी आम्ही दुसऱ्या कामावर जाणार होतो. तिथे गेलो नाही.

पिंपळदऱ्याला चला म्हटल्यावर बायकांनी कमरेच्या किल्ल्या सोडून कौसाबाईच्या हाती दिल्या. चौघींची जाती आणायची ठरली. त्याहून जास्त ओझं हनीफभाई घेईनात. कौसाबाई मुलीला म्हातारीपाशी ठेवून जीपमध्ये पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसलेय, असं तिनं सांगितलं, आणि दोन्ही हातांनी पुढची दांडी धरली. बैलगाडीच्या चाकोरीतून जीप डुलत चालली तशी ती मोकळी होऊन बोलायला लागली. एरवी दर वर्षी दिवाळीनंतर ही माणसं ऊस तोडायला प्रवरेकाठी जायची. यंदा उसालाच पाणी नव्हतं, कारखान्यांनी तोडणीच्या टोळ्या कमी घेतल्या. म्हणून ती आणि मुलगी इकडे कामावर, आणि नवरा बैल घेऊन नेवाशाकडे, जनावरांच्या छावणीवर.

“आधी मी आले हितं. मागनं ते गेले बैल घिऊन. घराची एक किल्ली त्यांच्यापाशी, एक माज्यापाशी. म्हनले, बैल जगले तर आपुन जगलो.” नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. दिवाळी सरल्यापासून त्याची तिची गाठ नव्हती. “लाजाळू हाय मानूस. बोलत न्हाई. पन लई जीव हाय बैलांवर.”

गाव उन्हात पडलं होतं. दारांना कुलपं, अंगणात वाळलेली तुळस. एक कुत्रंही भुंकलं नाही. जात्यांसाठी आम्ही तीन घरं उघडली. आत अंधार, गारवा, शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास. हनीफभाई आणि अण्णा जात्यांच्या वरच्या-खालच्या तळ्या उचलून बाहेर आणत होते आणि कौसाबाई प्रत्येक घराला परत कुलूप लावून ते ओढून बघत होती.

तिचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिनं दाराचं कुलूप उघडलं, दार ढकललं, आणि उंबऱ्यावर थांबली. तिच्या खांद्यावरून मला आत लख्ख ऊन दिसलं.

घराला छप्पर नव्हतं.

चारी भिंती उभ्या होत्या. कोनाडे, चूल, भिंतीतली खुंटी, सगळं जागच्या जागी. वर नुसतं आभाळ. अण्णा आत गेले. मी त्यांना कोयनेकाठी शेकडो घरांत असं जाताना पाहिलं होतं. भिंतीवर तळवा ठेवायचा, वर बघायचं, मग खाली. त्यांनी तसंच केलं. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, “भूकंपात आधी भिंती हलतात, छप्पर खाली येतं. हे खाली आलेलं नाही. हे उतरवलंय. धाब्यावरची माती बघा, कोपऱ्यात नीट रचून ठेवलीय. तुळया, खांब, काही नाही. ज्यानं काढलं त्यानं जपून काढलं.”

“चोरांनी?” मी म्हटलं.

“चोर कुलूप लावून जात नाही.”

हे कौसाबाईनं ऐकलं की नाही मला कळलं नाही. ती उंबऱ्यावरच होती. तेवढ्यात पलीकडच्या पडवीतून काठी टेकत एक म्हातारा आला. त्या गावात राहिलेला तो एकच. त्याला कुठे जायचं नव्हतं. मुलगा चार दिवसांनी येऊन दाणे-पाणी ठेवून जायचा.

“कौसे,” म्हातारा म्हणाला, “तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?”

तिनं छपराच्या जागेकडे बोट केलं.

“तुज्या मालकानंच काढलं गं. छावनीत नंबर लागंना म्हनला, बैल उपाशी मरत्यात. गाडी लावून लाकडं भरली आन् बाजारला नेली. चारा घेतला. मी म्हनलो, भानुदास, बायकूला इचार. तर रडाया लागला. म्हनला, तिला कुठल्या तोंडानं इचारू?”

कौसाबाई आत गेली. चुलीपाशी उभी राहिली. मग कोपऱ्यातल्या एका गोणपाटापाशी जाऊन ते उचललं. खाली तिचं जातं होतं. ऊन-वारा लागू नये म्हणून नवरा ते झाकून, वर दगड ठेवून गेला होता. ती खाली बसली, तळीवर हात ठेवला आणि तोंडाला पदर लावला. रडण्याचा आवाज आला नाही. अण्णा बाहेर निघून गेले. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. कोयनेला निदान म्हणता यायचं, देवाची करणी.

निघताना तिनं दार लावलं, कुलूप घातलं आणि तेही ओढून पाहिलं.

परतीच्या वाटेवर ती एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातात किल्ल्या धरून बसली होती. तलावापाशी जाती उतरली तेव्हा बायकांनी गलका केला. एकीनं तिथेच मांडी घालून मूठभर मिलो घातला आणि ओवीची सुरुवात केली, बाकीच्या हसल्या. कौसाबाईनं गावातलं कुणाला सांगितलं नाही. आम्ही जीपमध्ये बसलो तशी ती माझ्या बाजूला आली.

“बाई, तुमी नेवाशाला जानार म्हनत हुता.”

उद्या जाणार होतो. प्रवरेकाठी वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) विकत मिळतं का ते बघायचं होतं.

“छावनीवर भानुदास म्हनून कुनी भेटलं तर…” नाव तिच्या तोंडून गेलं आणि ती थांबली. “तर म्हनावं, छपराचं कळलंय मला. सांगाया येऊ नका. नुसतं या.”

मी म्हटलं, सांगेन. तिनं मला ते परत म्हणून दाखवायला लावलं. “सांगाया येऊ नका, नुसतं या.” मी म्हटलं. ती म्हणाली, “व्हय. असंच.”

पाथर्डीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी शेवगावमार्गे नेवाशाला गेलो. ज्ञानेश्वरांच्या नेवाशाचं खांबाचं देऊळ लांबून पाहिलं, आत जायला वेळ नव्हता. प्रवरेच्या पात्रात वाळूत झरे खणून माणसं वाटीवाटीनं पाणी भरत होती. छावणी नदीच्या वरच्या अंगाला होती. आधी तिचा वास आला, मग घंटांचा आवाज. दाव्यांच्या रांगा, आणि बरगड्या मोजता येतील अशी जनावरं. विचारत विचारत आम्ही भानुदासपर्यंत पोचलो. बुटका, काटक माणूस, डोक्याला विटकं मुंडासं. एका बैलाच्या मानेला तेल चोळत होता. शेजारची दावण रिकामी होती.

मी सांगितलं, मी कोण, कुठून आले. तो उभा राहिला. पहिलं विचारलं ते, “पोरगी बरी हाय का?”

“बरी आहे.”

मग मी निरोप सांगितला. जसा दिला तसा. तो खाली बघत ऐकत होता. “छपराचं कळलंय” म्हटल्यावर त्याचा हात बैलाच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

“नुसतं या, असं म्हनली?”

“हो.”

“रागावली न्हाई?”

“नाही.”

त्यानं रिकाम्या दावणीकडे बोट केलं. “जोडीतला एक गेला. तुळया इकल्या आन् तोबी गेला. रोज म्हनतो, आज निगावं. सडकंपातूर जातो आन् फिरतो मागारी.”

हनीफभाई मध्ये पडले. “चला की बसा गाडीत. सोनईवरून नगरला जातो आम्ही. नगरहून पाथर्डीची एसटी मिळेल. रात्रीच्या आत पोचाल.”

पलीकडच्या दावणीवरचा माणूसही म्हणाला, “जा रं, बैल मी बगतो.”

भानुदासनं बैलाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. “न्हाई,” तो म्हणाला. “येतो मी. बैल घिऊन येतो. हळूहळू येतो.” मी आणखी काही म्हणायला हवं होतं का, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. निरोप पोचला, माणूस निघतो म्हणाला, एवढ्यानं मला हलकं वाटलं. सोनईला आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरी ज्वारीची, पांढरी, आणि अण्णांनी तिसरी मागून घेतली. त्या प्रवासातलं ते एकच पोटभर जेवण.

समितीनं आमचं ऐकलं. तट्टे आले, बांबू आले, ताडपत्र्या आल्या, चक्कीच्या इंजिनासाठी टँकरमधल्या थोड्या पाण्याचीही सोय झाली. पण हे व्हायला मे उजाडला. सामानाबरोबर आम्ही दोघं पुन्हा गेलो.

तलावाचा बांध आता कमरेच्या वर आला होता. आडोसा उभा करताना अण्णांनी बायकांनाच जागा दाखवायला सांगितली आणि त्यांनी दाखवली त्याहून एक वीतही इकडे-तिकडे केली नाही. भानुदास मला माती खणताना दिसला. त्यानं ओळखलं, मान हलवली, आणि पुन्हा खणायला लागला. बैल कुठे दिसला नाही.

कौसाबाई भेटली. हाडं अजून वर आली होती. तट्ट्याच्या सावलीत मुलगी झोपली होती, तिच्याशेजारी आम्ही बसलो.

“आले ना ते,” मी म्हटलं.

“आले.” ती म्हणाली. “बैल घिऊन निघाले. दिसभर चालायचं, कुठं पानी दिसलं की थांबायचं. तिसगावच्या अलीकडं बैल बसला. उठंना. ह्ये त्याच्यापाशी बसून ऱ्हायले. येनाऱ्या-जानाऱ्याला चारा मागत. त्यो मेल्यावर मग आले हितं. नुसतेच.”

मी खाली खणणाऱ्या भानुदासकडे पाहिलं.

“इचारलं मी, कशाला आनला त्याला एवडा लांब? तर म्हनले, छप्पर गेलं, तवा निदान बैल तरी तुझ्यापुढं उभा करावा, म्हनलं. रिकाम्या हातानं कसं यावं?” तिनं मुलीच्या अंगावरची माशी हाकलली. “आता बाई, नुसतं या म्हंजी हात हालवत या, असंच म्हनायचं हुतं मला. बैल सोडून या, असं म्हनायला पायजे हुतं. तितं कुनीबी संबाळला असता त्याला. माजंच बोलनं आखूड पडलं.”

“असं नका म्हणू,” मी म्हणाले.

“न्हाई, खरं हाय.” ती उठली. सुटी संपली होती. घमेलं डोक्यावर घेताना तिनं विचारलं, “च्या घिता का? गूळ हाय.” आणि मी नको म्हटल्यावर ती उतारावरून खाली गेली, जिथे तो खणत होता. त्यानं तिचं घमेलं भरून दिलं. बोलले की नाही, ते धुळीत दिसलं नाही.

संध्याकाळी परत निघालो. घाटात या वेळी गाडी तापली नाही. अण्णा म्हणाले, “आडोसा टिकेल पावसाळ्यापर्यंत. मग लोक गावी जातील.” थोड्या वेळानं म्हणाले, “त्यांच्या घरावर काय घालता येईल, ते बघतो मी. तट्टे उरलेत थोडे.” मग पुन्हा थोड्या वेळानं, “तट्टा म्हणजे काही छप्पर नाही, म्हणा.” मी बाहेरच्या नांगरलेल्या रानाकडे बघत होते. दुसऱ्याचा निरोप आपल्याकडचं काही न घालता, एक शब्द न बदलता पोचवावा, असं माझी आई सांगायची, आणि मी तो तसाच पोचवला होता.